दोष पंपांत नाहीं

आमच्या महाविद्यालयाच्या आवारांत, वाचनालयाच्या मागच्या अंगास, एक लहानशी कार्यशाळा आहे. बाकें, फळे, पुस्तकांचीं कपाटें यांची डागडुजी तेथें होते, आणि ज्या दिवशीं सागवान रंधलें जातें त्या दिवशीं त्याचा वास थेट वाचनालयापर्यंत येतो. इतिहास शिकविणाऱ्या माणसास त्या खोलींत जाण्याचें कारण क्वचितच पडतें. गेल्या पावसाळ्यांत मात्र तें पडलें. जुन्या नकाशांच्या प्रदर्शनासाठीं मला कांहीं चौकटी करून हव्या होत्या, आणि चौकटींचें काम अडून बसलें होतें. चौकशी करतां समजलें कीं, धूळ ओढून घेणारें यंत्र बिघडलें आहे, व तें दुरुस्त झाल्यावांचून मिस्त्री करवतीचें यंत्र चालवावयास तयार नाहींत.

मला प्रथम हा निव्वळ हट्ट वाटला. लाकूड कापलें म्हणजे भुसा पडावयाचाच. तो झाडून काढावयास केरसुणी पुरे आहे, असें मी त्यांना बोलूनहि दाखविलें. मिस्त्रींनीं शांतपणें उत्तर दिलें, "सर, जो भुसा खालीं पडतो त्याची काळजी नाहीं. जो पडतच नाहीं त्याची आहे." या उत्तराचा पुरता अर्थ मला पुढें पुस्तकांतून कळला, त्याकडे ओघानें येईनच.

यंत्राची रचना अगदीं साधी होती. खालीं पत्र्याची गोल टाकी, तिच्यावर मोटर व पंखा बसविलेलें झांकण, झांकणाखालीं कागदी गाळणी, आणि टाकीच्या पोटांतून निघालेली हातभर जाडीची नव्हे, पण मनगटाएवढी लवचीक नळी. खटका दाबतांच यंत्र भरपूर गर्जना करी. परंतु नळीच्या तोंडाशीं ठेवलेला भुशाचा कण जागचा हलत नसे. एका दुकानदारानें येऊन, मोटर गेली असा निर्णय देऊन, नव्या यंत्राची किंमतहि सांगून ठेविली होती. ती रक्कम कोणत्या सदरांत टाकावी याचा कार्यालयांत खल चालूं होता, आणि तोंवर माझे नकाशे गुंडाळींतच पडून होते.

मिस्त्रींनीं माझ्यादेखत नळीच्या तोंडावर तळहात ठेवला व कान यंत्राकडे लाविला. मग नळी काढून टाकून टाकीच्याच तोंडावर हात ठेवला, व पुन्हां ऐकिलें. "मोटर ठीक आहे, सर," ते म्हणाले. "हात ठेवल्यावर आवाज चढायला पाहिजे. तो चढत नाहीं. हवा दुसरीकडून आंत येतेय." मला हें उलटें वाटलें. वाट अडविली म्हणजे मोटरीवर भार पडून तिचा आवाज उतरावा, अशी माझी समजूत. पण खरा प्रकार असा कीं, पंख्याचें काम म्हणजे हवा लोटणें. लोटावयास हवाच आली नाहीं तर त्याचें ओझें कमी होतें व तो मोकळा, अधिक वेगानें फिरूं लागतो. विहिरींत पोहरा पाण्यास न लागतां रिकामाच वर ओढला तर रहाट जसा सपाट्यानें फिरतो, तसेंच हें. तेव्हां हात ठेवूनहि आवाज जशाचा तसा राहतो याचा अर्थ, पंख्यास हवा मिळतच आहे, फक्त ती नळीवाटें येत नाहीं.

दोष यंत्रांत आहे असें सारे म्हणत असतां, दोष तुम्हीं दाखवितां तेथें नाहीं, असें एका कारागिरानें सांगावें, या प्रसंगाची आठवण मला इतिहासांत दुसरीकडे होती. ती तीनशें ऐंशी वर्षांहून जुनी आहे.

इ. स. १६३८ सालीं हॉलंडांतील लायडन येथें गॅलिलिओचा अखेरचा मोठा ग्रंथ छापला गेला. ग्रंथ संवादरूप असून, त्यांतील साग्रेदो नांवाचें पात्र आपला एक अनुभव सांगतें. एका पाण्याच्या टाक्यावर पंप बसविला होता. दट्ट्या वर ओढला कीं त्याच्या मागोमाग पाणी चढावें, अशी त्याची रचना. टाक्यांत पाणी पुरेसें असे तोंवर पंप उत्तम चाले. पातळी कांहीं मर्यादेखालीं गेली कीं पाण्याचा थेंब येत नसे. यंत्र बिघडलें असें समजून या गृहस्थानें दुरुस्तीसाठीं कारागीर बोलाविला. कारागिरानें पंप पाहून सांगितलें कीं, दोष पंपांत नाहीं, पाण्यांत आहे. तें फार खोल गेलें आहे. आणि पुढें असेंहि सांगितलें कीं, पाणी खेंचून घेणारें कोणतेंहि यंत्र आणा, अठरा हातांपलीकडे तें केसभरहि पाणी चढविणार नाहीं. तिकडच्या मापाचे अठरा हात म्हणजे आपले सुमारे दहा मीटर.

या कारागिराचें नांव ग्रंथांत नाहीं. त्यानें ही मर्यादा कोणत्याहि पाठशाळेंत शिकलेली नव्हती. त्यानें पंप उघडले असतील, चामड्याचे वॉशर बदलले असतील, झडपा घासून बसविल्या असतील, आणि सर्व कांहीं निर्दोष असतांहि पाणी एका ठराविक उंचीच्या वर येत नाहीं असें पुन्हां पुन्हां पाहिलें असेल. आतां गंमत अशी कीं, त्याच्या या निरीक्षणाचा उलगडा ग्रंथांत जो केला आहे तो चुकीचा आहे. लांबच लांब दोर टांगला तर तो स्वतःच्याच भारानें तुटतो, तसा पाण्याचा स्तंभ अठरा हातांवर आपल्याच भारानें तुटतो, असें तेथें म्हटलें आहे. त्या युगांतील सर्वांत तल्लख बुद्धीच्या पुरुषाची उपपत्ति मागें पडली, आणि बोलाविल्या कामापुरता आलेल्या माणसाचा आंकडा मात्र टिकला. कारागीर शास्त्रज्ञाहून श्रेष्ठ होता, असें मला म्हणावयाचें नाहीं. असें कां होतें हें त्यालाहि ठाऊक नव्हतें. परंतु कोणता प्रश्न विचारावयाचा, हें त्याच्यामुळें कळलें.

तो प्रश्न गॅलिलिओचा शिष्य टोरिचेली यानें हातीं घेतला. दहा मीटर उंचीची नळी घेऊन प्रयोग करणें अवघड. म्हणून त्यानें पाण्याऐवजीं पारा घ्यावयाचें ठरविलें. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा अधिक जड. तेव्हां त्याचा स्तंभ त्याच प्रमाणांत आंखूड व्हावा. तसा तो झाला. एका बाजूनें बंद केलेली कांचेची नळी पाऱ्यानें भरून, पाऱ्याच्याच भांड्यांत उलटी धरली, तेव्हां नळींतला पारा थोडा उतरून सुमारे ७६ सेंटिमीटरांवर थांबला व त्याच्या वर रिकामी जागा राहिली. १६४४ च्या जून महिन्यांत रोम येथील आपल्या स्नेह्यास लिहिलेल्या पत्रांत टोरिचेलीनें याचा अर्थ सांगितला. आपण हवेच्या महासागराच्या तळाशीं राहतों. त्या हवेस वजन आहे. आणि तेंच वजन भांड्यांतील पाऱ्यास दाबून नळींत चढवितें. वरची पोकळी कांहींहि ओढीत नाहीं.

हें समजावयास आज सोपें वाटतें, पण आपल्या नित्याच्या भाषेंत तें अजून उतरलेलें नाहीं. आपण बशींतला चहा ओढतों, विडी ओढतों, श्वास ओढतों. वास्तविक यांतलें कांहींहि आपण ओढीत नाहीं. आपण केवळ तोंडांत किंवा छातींत थोडी जागा करतों, आणि बाहेरची हवा आपल्या भारानें चहा, धूर वा स्वतःलाच त्या जागेंत लोटून देते. कार्यशाळेंतील यंत्रासहि आपण ‘शोषक’ म्हणतों. पण पंखा टाकींतली कांहीं हवा बाहेर टाकतो इतकेंच, आणि मग खोलीभरची हवा नळीवाटें धूळ घेऊन आंत धांवते. यावरून एक व्यावहारिक गोष्ट निष्पन्न होते, व ती आमच्या मिस्त्रींना पाठ होती. हवेस नळीचें अगत्य नाहीं. टाकीस कोठें फट असेल तर ती जवळच्या वाटेनें शिरेल, आणि नळीचें तोंड बिचारें उगीच उघडें राहील.

टोरिचेलीच्या म्हणण्याची परीक्षा फ्रान्समध्यें पास्कलनें करविली. हवेचा समुद्र खरा असेल तर जसजसें वर चढावें तसतसा पारा उतरावयास पाहिजे. स्वतः प्रकृतीनें अशक्त असल्यामुळें त्यानें हें काम आपला मेहुणा पेरिये यास सांगितलें, आणि १९ सप्टेंबर १६४८ रोजीं पेरियेनें प्वी-द-दोम हा डोंगर चढून तें केलें. माथ्यावर पारा सुमारे तीन इंचांनीं उतरलेला आढळला. आपणां नाशिककरांना या प्रयोगासाठीं फ्रान्सला जावयास नको. मुंबईस समुद्रकांठीं सुमारें ७६ सेंटिमीटर उभा राहणारा पारा, कसाऱ्याचा घाट चढून नाशिकास आणला कीं सुमारें ७१ सेंटिमीटरांवर येतो. कारण आपलें गांव समुद्रसपाटीपासून पांचशेंहून अधिक मीटर उंच आहे. म्हणजे त्या इटालियन कारागिराचे अठरा हात येथें भरत नाहींत. निर्दोष पंपहि नाशिकास साडेनऊ मीटरांच्या फारसा वर पाणी घेऊं शकणार नाहीं, आणि प्रत्यक्षांत सात-आठ मीटर म्हणजे पुष्कळ झालें. आपल्याकडील शेतकरी विहिरीच्या आंत, अर्ध्या खोलीवर टप्पा काढून त्यावर इंजिन कां बसवीत, याचें कारण हेंच. इंजिन कमजोर म्हणून नव्हे, तर वरची हवा याहून उंच पाणी लोटूं शकत नाहीं म्हणून.

पोकळी असते हें ठरलें. आतां ती हवी तेव्हां व हवी तेवढी कशी करावी, हा पुढचा प्रश्न. त्याच्या इतिहासांत मला सर्वांत आवडणारा पुरुष म्हणजे मॅग्डेबुर्गचा नगराध्यक्ष ऑटो फॉन ग्युरिक. १६३१ सालीं युद्धांत तें नगर जळून बेचिराख झालेलें. त्याची पुन्हां उभारणी करण्यांत गढलेल्या या गृहस्थानें सवड काढून पोकळी करण्याचा उद्योग आरंभिला. १६७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें यशाबरोबर अपयशहि मोकळेपणानें नमूद केलें आहे. प्रथम त्यानें मद्याचें लाकडी पिंप पाण्यानें भरून, सांधे बुजवून, खालून पंपानें पाणी काढूं पाहिलें. बळकट गड्यांनीं दट्ट्या ओढला, पाणी निघूं लागलें, आणि पिंपांतून उकळत्या पाण्यासारखा आवाज येऊं लागला. लाकडाच्या छिद्रांतून हवा आंत शिरत होती. मग त्यानें एक पिंप दुसऱ्या पाणी भरलेल्या पिंपांत ठेवून पाहिलें; तेव्हां बाहेरचें पाणीच आंत झिरपलें. लाकूड सोडून त्यानें तांब्याचा पोकळ गोल करविला व त्यांतील हवा थेट पंपानें काढण्यास सुरुवात केली. बरीचशी हवा निघाली असतां, मुठींत चुरगळलेल्या कापडासारखा तो गोल मोठा आवाज करून चेपला गेला. ग्युरिकनें दोष कारागिरांकडे दिला: त्यांनीं गोल पुरता वाटोळा घडविला नव्हता. हें म्हणणें कारागिरांवर अन्याय करणारें वाटेल, पण तें खरें असावें. बाकदार पात्रावर सगळीकडून सारखा भार आला तर तें तो पेलतें; एका ठिकाणीं सपाट भाग वा पोचा राहिला कीं तेथून तें आंत बसतें. आपल्या तांबट आळींत हंडा मठारतांना कारागीर तो फिरवीत फिरवीत शेजारीं शेजारीं ठोके घालतो, तें केवळ शोभेसाठीं नव्हे. ठोक्यांनीं तांबें घट्ट होतें व बाक सर्वत्र सारखा येतो. ग्युरिकला असा तांबट दुसऱ्या खेपेस मिळाला. पुढें त्यानें दोन अर्धगोल एकत्र ठेवून, आंतील हवा काढून, दोन्हीं बाजूंस घोडे जुंपले तरी ते सुटेनात, हा जो जगप्रसिद्ध खेळ केला तो सर्वांनीं शाळेंत वाचला आहे. अर्ध्या मीटर व्यासाच्या अशा गोलावर हवेचा दाब सुमारें दोन हजार किलोग्रॅम भरतो. घोड्यांना ओढावयाचा होता तो हा आकाश-भार. पण शाळेच्या पुस्तकांत घोडे असतात, गळकीं पिंपें नसतात. आणि माझ्या मतें धडा पिंपांचाच अधिक मोलाचा आहे.

(जातां जातां भाषेची एक मौज. पंपास पोर्तुगीज भाषेंत ‘बॉंबा’ म्हणतात. तोच शब्द आपल्याकडे येऊन ‘बंब’ झाला. आगीचा बंब त्या मूळ अर्थास धरून आहे; न्हाणीघरांतील पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब मात्र कांहींएक पंपीत नाहीं, तरी नांव मिरवितो.)

इंग्लंडांत रॉबर्ट बॉइलसाठीं रॉबर्ट हूकनें १६५९ च्या सुमारास अधिक सुबक पंप बनविला. तरी दट्ट्याच्या कडेनें, तोटीच्या भोंवतालून हवा शिरणें कांहीं पुरतें थांबलें नाहीं, व तेल ओतून, लेप लावून तें आवरावें लागे. तो तपशील येथें नको.

गळती हा शंभर-दोनशें वर्षें असा केवळ वैताग होता. तिला कामास लाविलें तें रेल्वेनें, आणि त्याची किंमत फार भयंकर द्यावी लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गाड्यांना निर्वात-ब्रेक आले. सर्व डब्यांखालून एक नळी नेलेली असे. ड्रायव्हरनें तींतील हवा काढली कीं दट्टे सरकून चाकांवर ब्रेक बसत. या साध्या रचनेंत एक व्यंग होतें. नळी कोठें फुटली, अथवा गाडीचे दोन भाग सुटले, कीं पोकळी नाहींशी होई, आणि ब्रेक मुळींच बसत नसत. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत आर्मा गांवाजवळ मुलांच्या सहलीची एक गाडी चढावर अडकली. इंजिनानें पुढचे डबे आधीं न्यावे म्हणून गाडीचे दोन भाग करण्यांत आले. सोडविलेल्या मागच्या डब्यांना निर्वात-ब्रेकचा आधार उरला नाहीं. हातब्रेक व चाकांखालीं घातलेले दगड पुरे पडले नाहींत. डबे उतारानें मागें घरंगळत जाऊन पाठीमागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारें ऐंशी माणसें दगावलीं, त्यांत मुलें पुष्कळ होतीं. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून उतारूंच्या गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे केले.

आपोआप लागणाऱ्या निर्वात-ब्रेकची युक्ति पाहण्यासारखी आहे. तींत सर्व उलटें केलेलें असतें. नळींत पोकळी असते तोंवर ब्रेक सुटलेले राहतात. हवा आंत शिरली कीं ते बसतात. मग ती हवा ड्रायव्हरनें सोडलेली असो, गार्डनें सोडलेली असो, वा नळी तुटून शिरलेली असो. गळतीनें संकट ओढवावयाचें तें आतां गळतीनें गाडी थांबूं लागली. डब्यांतील धोक्याची सांखळी आपण जाणतों. ती ओढली म्हणजे ड्रायव्हरपाशीं घंटा वाजते असें लहानपणीं मला वाटे. वास्तविक निर्वात-ब्रेकच्या गाडींत सांखळीनें एवढेंच होई कीं, डब्याच्या टोंकाशीं एक झडप उघडून नळींत हवा शिरे. बाहेरची एक चकती फिरून कोणत्या डब्यांत सांखळी ओढली हें दाखवी, व गार्ड खालीं उतरून ती पुन्हां जागेवर बसवी.

ही व्यवस्था आपल्या घाटांत किती महत्त्वाची होती हें सांगावयास नको. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटांतील लोहमार्ग १८६५ च्या जानेवारींत सुरू झाला. सुमारें पंधरा किलोमीटरांत गाडी तीनशें मीटर चढते. कित्येक ठिकाणीं सदतीस फुटांस एक फूट असा चढ आहे, व त्यासाठीं गाड्यांना मागून आणखी इंजिनें जोडावीं लागतात. उतरणीच्या गाडीचा जीव सर्वस्वीं ब्रेकवर. पोकळी पुरेशी होत नाहीं असें मापकानें दाखविलें, कीं कर्मचाऱ्यांनीं गाडीच्या कडेनें चालत जावयाचें, प्रत्येक दोन डब्यांमधील नळीचा सांधा पाहावयाचा, रबरी वॉशर चांचपावयाचा, फुसफुस कोठें ऐकूं येते तें ऐकावयाचें, आणि शेवटच्या डब्याच्या नळीचें तोंड त्याच्या बुचावर घट्ट बसलें आहे ना हें पाहावयाचें. रात्रीं पावसांत, हातांत कंदील घेऊन हें करणाऱ्या माणसांच्या भरंवशावर आपले आजे-पणजे मुंबईस उतरले आहेत.

निर्वात-ब्रेक भारतीय रेल्वेवर विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत टिकले व मग त्यांची जागा दाबाच्या हवेच्या ब्रेकनें घेतली. त्यांचें मुख्य व्यंग गळती हें नव्हतें. ते नळींत पाऱ्याच्या सुमारें ५१ सेंटिमीटरांइतकी पोकळी ठेवून चालत. म्हणजे दट्ट्यावर दर चौरस सेंटिमीटरास पाऊण किलोग्रॅमहि जोर मिळत नसे. दाबाच्या हवेंत तोच आंकडा पांच किलोग्रॅमपर्यंत नेतां येतो. पोकळी कितीहि उत्तम करा, बाहेरच्या हवेच्या दाबाहून अधिक जोर तिच्यांतून निघत नाहीं. लांब व जड गाड्यांना तो अपुरा पडूं लागला. साग्रेदोच्या कारागिरानें घातलेली अठरा हातांची मर्यादा ती हीच.

धूळ काढण्याच्या कामीं पोकळी लावण्याचें श्रेय ह्यूबर्ट सेसिल बूथ या इंग्रज इंजिनिअरास देतात. १९०१ सालीं लंडनमध्यें धूळ काढणाऱ्या एका यंत्राचें प्रात्यक्षिक त्यानें पाहिलें. तें यंत्र दाबाच्या हवेचा झोत सोडून धूळ उडवी, आणि उडालेली धूळ बहुतांशीं परत तेथेंच बसे. उडविण्याऐवजीं ती ओढून कां घेऊं नये, असें बूथनें विचारतां तें शक्य नाहीं असें त्यास सांगण्यांत आलें. बूथनें मग एका उपाहारगृहांत मखमली खुर्चीच्या पाठीवर हातरुमाल ठेवून, त्यावर तोंड लावून जोरानें श्वास घेतला. ठसका लागून जीव घाबरला. पण रुमालाच्या खालच्या अंगास धुळीचें वर्तुळ उमटलें होतें. माझ्या दृष्टीनें येथें खरा शोध श्वासाचा नाहीं, रुमालाचा आहे. हवा पुढें जावी आणि धूळ मागें राहावी, ही सारी करामत कापडाची. त्याचें पहिलें यंत्र घोड्यांच्या गाडीवरून दारोदार जाई, रस्त्यांत उभें राही, व त्याच्या लांब नळ्या खिडक्यांतून दिवाणखान्यांत सोडीत. १९०२ च्या राज्यारोहणापूर्वीं वेस्टमिन्स्टर ॲबींतील गालिचे या यंत्रानें साफ केले. अमेरिकेंत ओहायो संस्थानांतील कँटन गांवीं स्पँगलर नांवाचा एका दुकानाचा झाडूवाला होता; झाडतांना उडणाऱ्या धुळीनें त्याचा दमा उसळे. त्यानें विजेच्या पंख्याची मोटर, झाडूचा दांडा व उशीचा अभ्रा यांची जुळणी करून हातांत धरण्याजोगें यंत्र केलें, १९०८ सालीं त्याचें पेटंट घेतलें, व तें हूव्हर या चामड्याच्या मालाच्या कारखानदारास विकलें. पुढचा इतिहास जाहिरातींचा आहे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत हें यंत्र १९८२ नंतर, युरेका फोर्ब्सचे विक्रेते गळ्यांत टाय बांधून दारोदार फिरूं लागले, तेव्हांपासून ओळखीचें झालें. कित्येक घरांत तें अद्यापि माळ्यावर आहे.

घरांत तें चैनीचें असेल. सुतारकामाच्या खोलींत नाहीं. मिस्त्री म्हणाले होते ती न पडणारी धूळ म्हणजे करवत व घासकागद यांनीं उडणारी इतकी बारीक पूड, कीं ती तासन् तास हवेंत तरंगते व श्वासाबरोबर नाकांत व छातींत जाते. कामकऱ्यांचे रोग त्यांच्या धंद्यांतून उद्भवतात, व वैद्यानें रोग्यास त्याचा धंदा विचारावा, असें रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानें १७०० सालींच लिहून ठेविलें होतें. लाकडाच्या बाबतींत तें सिद्ध व्हावयास १९६० नंतरचीं वर्षें उजाडावीं लागलीं. इंग्लंडांतील हाय विकम हें गांव खुर्च्या करणाऱ्यांचें. तेथील रुग्णांत नाकाच्या आंतील एका अत्यंत विरळ जातीचा कर्करोग लांकूडकाम करणाऱ्यांतच पुन्हां पुन्हां दिसतो, हें एस्मी हॅडफील्ड या कान-नाक-घशाच्या शस्त्रवैद्य बाईंच्या ध्यानांत आलें. अ‍ॅचेसन प्रभृतींबरोबर केलेलें हें संशोधन १९६८ सालीं प्रसिद्ध झालें, आणि १९९५ सालीं कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्थेनें लाकडाची धूळ ही मनुष्यास कर्करोग करणारी म्हणून निश्चितपणें नोंदविली. नाशिकच्या जुन्या वाड्यांतील कोरीव खांब व तुळया पाहून आपण कारागिराच्या बोटांचें कौतुक करतों. त्याच्या नाकांत काय गेलें असेल हा विचार मला तरी या वर्षापूर्वीं सुचला नव्हता.

आतां आमच्या यंत्राकडे वळतों. मिस्त्रींनीं आधीं विजेची पिन काढून टाकी अंगणांत नेऊन रिकामी केली व पुसली. गाळणी सागाच्या पुडीनें लिंपून गेली होती. ती झटकून पाहतां एका घडीवर बोटभर फाटलेली निघाली. "हें आणखी वाईट," ते म्हणाले, "जाड भुसा आंत राहतो आणि बारीक पीठ मागच्या वाटेनें खोलींत परत येतं." म्हणजे बूथनें पाहिलेलें धूळ उडविणारें यंत्र आम्हीं शंभर वर्षांनंतर फुकट तयार करून ठेविलें होतें. परंतु नवी गाळणी घालूनहि ओढ येईना. तेव्हां फट शोधणें आलें. धुरानें ती चटकन् दिसेल, म्हणून मी उदबत्ती सुचविली. मिस्त्रींनीं मान हलविली. "लाकडाच्या पुडीजवळ विस्तव नको, सर." त्यांनीं संक्रांतीच्या उरलेल्या पतंगाच्या कागदाची एक चिंधी फाडली, यंत्र सुरू केलें, व ती चिंधी झांकणाच्या कडेकडेनें फिरविली. तीन बाजूंस ती नुसती फडफडत राहिली. चौथ्या बाजूस, एका खिळीच्या जरा डावीकडे, ती आंत ओढली जाऊन घट्ट चिकटली. झांकण उचलून पाहतां तेथें रबराची कडी चपटी होऊन तिच्याखालीं सागाची एक ढलपी रुतून बसलेली. कोणीतरी टाकी रिकामी करून कड न पुसतां झांकण दाबून बसविलें होतें, आणि महिनोन् महिने हवा तेथून, धुळीची वाट न पाहतां, आंत येत होती.

नवी कडी मिळेपर्यंत सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसविली. मिस्त्रींनीं नळीच्या तोंडावर हात ठेवला आणि आवाज चढला. मलाहि ठेवून पाहावयास सांगितलें. तळहात नळीवर दाबला जातो तो बाहेरून, हें ठाऊक असूनहि तो आंतूनच ओढला जातो असें वाटलें. मोटर उघडलीच होती म्हणून तिचे झिजलेले कार्बनहि बदलून घेतले. दुकानदाराचें म्हणणें इतपत खरें होतें. एकूण खर्च नव्या यंत्राच्या किमतीच्या मानानें नगण्य आला. त्याचें सदर कार्यालयानें अद्याप ठरविलेलें नाहीं.

चौकटी दुसऱ्या आठवड्यांत मिळाल्या. टाकीच्या झांकणावर आतां खडूनें तारीख लिहिलेली असते, आणि शेजारच्या खिळ्याला पतंगाच्या कागदाची चिंधी दोऱ्यानें बांधून ठेविली आहे.